दिंडोरीच्या लढाईतील (१७ ऑक्टोबर १६७०) मोगल व मराठा सैन्यांची रचना : एक विश्लेषण

सारांश

सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतणारे मराठा सैन्य आणि त्याचा पाठलाग करणारे दाऊदखान कुरेशीचे मोगल सैन्य यांची गाठ १७ ऑक्टोबर १६७० रोजी आजच्या नाशिक जिल्ह्यातील वणी-दिंडोरीच्या परिसरात पडली. या लढाईचे वर्णन बहुतेक इतिहासग्रंथांत आढळते. परंतु परस्परांसमोर उभ्या ठाकलेल्या सैन्यांची घडण कशी होती, याचा स्वतंत्र विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात भीमसेन सक्सेना याचा फार्सी वृत्तान्त आणि कृष्णाजी अनंत सभासदाची बखर ही दोन प्रमुख साधने शेजारी ठेवून उभय सैन्यांची घटकरचना, त्यांच्या हालचालीचा वेग आणि प्रत्यक्ष रणभूमीवर उपलब्ध झालेले बळ यांचे विवेचन केले आहे. लढाईचा निकाल एकूण संख्येपेक्षा सैन्याच्या रचनेने अधिक ठरविला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : दिंडोरी, कांचन-मांचन घाट, मनसबदारी, पागा, बारगीर, शिलेदार, बुंदेले बंदूकधारी, भीमसेन सक्सेना, सभासद बखर.

१. प्रस्तावना

लष्करी इतिहासाच्या अभ्यासात ‘कोणाकडे किती सैन्य होते’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. युरोपातील अठराव्या शतकातील लढायांच्या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी देता येते. २५ ऑगस्ट १७५८ रोजी झोर्नडॉर्फ येथे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आणि रशियाचा सेनापती फर्मर यांच्यात झालेल्या लढाईत प्रशियाचे सुमारे ३६,००० आणि रशियाचे सुमारे ४३,००० सैनिक होते, असे अभ्यासक मानतात. पलटणी आणि रिसाले यांच्या याद्या उपलब्ध असल्यामुळे कोणती तुकडी कोणत्या बगलेवर उभी होती, कोणती जुनी व कसलेली होती आणि कोणती नव्याने उभारलेली होती, हेही सांगता येते. त्यामुळे संख्येने कमी असूनही प्रशियन सैन्य कसे टिकले, या प्रश्नाचा विचार आकड्यांपाशी न थांबता घटकरचनेपर्यंत जाऊन पोहोचतो.

सतराव्या शतकातील दख्खनच्या लढायांसाठी अशा सविस्तर याद्या सहसा हाती येत नाहीत. परिणामी, बखरीतील एखादा ठोकळ आकडा उचलला जातो, तो एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरतो आणि कालांतराने सिद्ध वस्तुस्थिती म्हणून मान्यता पावतो. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या लढाईबाबत काहीसे असेच घडले आहे. वस्तुतः या लढाईची स्थिती तुलनेने चांगली आहे. एका पक्षाच्या छावणीत प्रत्यक्ष असलेल्या लेखकाचा वृत्तान्त आणि दुसऱ्या पक्षाच्या दरबारी परंपरेतून आलेला वृत्तान्त असे दोन्ही येथे उपलब्ध आहेत. दोहोंची सांगड घातली असता आकड्यांची यादी मिळत नाही, हे खरे. परंतु सैन्यांची घडण मात्र पुष्कळशी स्पष्ट होते.

२. उद्दिष्टे

१) उभय सैन्यांतील घटक, त्यांचे नेतृत्व व त्यांची कार्ये स्पष्ट करणे.
२) कागदोपत्री संख्या व रणभूमीवरील प्रत्यक्ष बळ यांतील अंतर दाखविणे.
३) साधनांतील परस्परविरोधी आकड्यांची संगती लावण्याचा प्रयत्न करणे.

३. साधनांचे स्वरूप

भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपूरचा कायस्थ. मोगलांच्या दख्खनमधील लष्करी दप्तरात त्याची व त्याच्या घराण्याची सेवा झाली. या मोहिमेत तो स्वतः दाऊदखानाच्या सैन्याबरोबर होता. त्याच्या ‘तारीख-इ-दिलकुशा’ या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९७२ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाले आणि जदुनाथ सरकारांनी या लढाईचे जे चित्र रेखाटले, त्याचा मुख्य आधारही भीमसेनच आहे. तो मोगलांचा सेवक असला तरी मोगल सैन्याची झालेली विस्कळीत अवस्था त्याने झाकून ठेवलेली नाही. या दृष्टीने त्याची साक्ष मोलाची ठरते.

दुसरे साधन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीचे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९४ च्या सुमारास ती लिहिली गेली. म्हणजे लढाई आणि लेखन यांत सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. लढाईच्या वर्णनात सभासद त्रोटक आहे आणि शत्रूची हानी सांगताना त्याचा कल गौरवाकडे झुकतो. तथापि शिवकालीन लष्करी व्यवस्थेची त्याने दिलेली माहिती अन्यत्र इतक्या पद्धतशीरपणे मिळत नाही. म्हणूनच लढाईतील घटनाक्रमासाठी भीमसेन आणि मराठा सैन्याच्या घडणीसाठी सभासद, असा साधनांचा उपयोग येथे केला आहे.

४. पार्श्वभूमी व रणभूमीचा भूगोल

जून १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांकडे गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम शिवाजी महाराजांनी १६७० च्या आरंभी हाती घेतली. फेब्रुवारीत सिंहगड आणि त्यापाठोपाठ पुरंदर स्वराज्यात आला. याच सुमारास दख्खनचा सुभेदार शाहजादा मुअज्जम आणि सरदार दिलेरखान यांच्यातील वैमनस्य विकोपाला गेले होते. ३ ते ५ ऑक्टोबर १६७० या तीन दिवसांत मराठ्यांनी सुरत लुटली. इंग्रजांची वखार स्ट्रेन्शॅम मास्टर याने लढवून राखली. शहरातून गेलेल्या मालमत्तेचा अंदाज मोगलांच्या चौकशीत ६६ लाख रुपयांचा निघाला.

हे द्रव्य घेऊन महाराज बागलाणात उतरले आणि मुल्हेरच्या परिसरातून दक्षिणेकडे वळले. बागलाण आणि नाशिकचा प्रदेश यांच्यामध्ये सातमाळा-चांदवडची डोंगररांग पूर्व-पश्चिम आडवी पसरली आहे. रांगेच्या उत्तरेस गिरणेचे खोरे, तर दक्षिणेस गोदावरीला मिळणाऱ्या नद्यांचे खोरे आहे. सप्तशृंग, मार्कंड्या, धोडप, कांचना, इंद्राई, चांदवड अशी शिखरे व किल्ले या एकाच रांगेत आहेत. जड मालमत्ता घेतलेल्या सैन्याला ही रांग केवळ ठरावीक खिंडींतूनच ओलांडता येत असे. चांदवडच्या पश्चिमेस सुमारे दहा मैलांवर असलेला कांचन-मांचनचा घाट ही अशीच एक वाट होती. म्हणूनच ही लढाई काही ठिकाणी कांचनबारीची, तर काही ठिकाणी वणी-दिंडोरीची म्हणून ओळखली जाते.

घाटाच्या दक्षिणेकडील प्रदेश सपाट वाटला तरी तो सलग नाही. लहान टेकाडे, खोलगट भाग आणि ओढेनाले यांनी तो ठिकठिकाणी तुटलेला आहे. भीमसेनाच्या वृत्तान्तात टेकाड, नाल्यांनी वेढलेले उंचवट्यावरील उजाड गाव आणि दोन तुकड्यांना परस्परांपासून तोडणारा जमिनीचा उंचसखल भाग यांचे उल्लेख येतात. पुढील विवेचनात या भूरचनेचे महत्त्व दिसून येईल.

५. मोगल सैन्याची रचना

मोगल सैन्य हे एकसंध दल नव्हते. ते मनसबदारांच्या तुकड्यांचे संकलन होते. प्रत्येक मनसबदाराला ‘जात’ आणि ‘सवार’ असे दोन अंक दिलेले असत. पहिला त्याचा दर्जा व वैयक्तिक वेतन दर्शवी, तर दुसरा त्याने बाळगावयाच्या स्वारांचा निर्देश करी. मात्र शाहजहानच्या काळापासून सवार अंकाइतके स्वार प्रत्यक्षात ठेवावे लागत नसत. आपली जहागीर ज्या सुभ्यात असेल तेथेच नेमणूक असल्यास एक-तृतीयांश आणि हिंदुस्थानातील अन्य सुभ्यात नेमणूक असल्यास एक-चतुर्थांश स्वार हजर करणे पुरेसे मानले जाई. म्हणजे ४,००० सवारांचा मनसबदार परसुभ्यात १,००० स्वारांनिशी नियमानुसार सेवा बजावू शकत असे. सरदारांच्या मनसबीच्या अंकांची बेरीज करून मोगल फौजेची संख्या काढण्याची पद्धत किती फसवी आहे, हे यावरून लक्षात येते.

दाऊदखान कुरेशी हा अनुभवी सेनानी होता. १६६१ मध्ये बिहारमधील पलामूचे राज्य त्याने जिंकले होते आणि १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहांच्या मोहिमेत त्याने मराठ्यांचा मुलूख पाहिलेला होता. या लढाईत त्याच्या हाताखाली पुढील घटक आढळतात.

(अ) बिनीची फौज : तिचे नेतृत्व इखलासखान मियाना याच्याकडे होते. विजापूरच्या आदिलशाहीतील अब्दुल कादिर बहलोलखान याचा हा पुत्र. म्हणजे दख्खनच्या राजकारणातून मोगल सेवेत आलेल्या अफगाण घराण्याचा तो प्रतिनिधी होता. ही फौज घोडदळाची होती. तिचे चिलखत व शस्त्रसाज उंटांवर लादून मागून आणला जात असे.

(आ) मध्य फौज : स्वतः दाऊदखान आणि त्याचे स्वार. राय मकरंद, संग्रामखान घोरी व त्याचे आप्त हे या सैन्यातील उल्लेखिलेले अधिकारी होत.

(इ) बुंदेले बंदूकधारी : हे पायदळ होते. उत्तर हिंदुस्थानातील बुंदेलखंडातून भरती झालेल्या या लोकांजवळ तोड्याच्या बंदुका विपुल होत्या. नामांकित सरदारांच्या यादीत त्यांना स्थान नाही. परंतु लढाईच्या निर्णायक क्षणी त्यांचेच कार्य उठून दिसते.

(ई) तोफखाना : त्याचा दरोगा मीर अब्दुल माबूद हा होता. त्याच्याबरोबर त्याचे पुत्रही रणात होते.

(उ) हत्ती, निशाणे, नगारे, छावणी व पिछाडी : हा भाग लढण्यासाठी नसून सैन्याला स्थैर्य देण्यासाठी असे. सेनापतीचा हत्ती आणि निशाण दिसते आहे तोवर तुकड्या उभ्या राहत, असा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव होता.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे स्वाराची निष्ठा प्रथम आपल्या मनसबदाराशी बांधलेली असे. मनसबदार पडला की तुकडी विस्कटण्याचा धोका असे. त्यामुळे जखमी सरदाराची सुटका करणे ही केवळ मैत्रीची वा माणुसकीची बाब नसून लष्करी निकड होती. दुसरी म्हणजे घोडेस्वार, बंदूकधारी पायदळ, तोफखाना, उंट आणि हत्ती या पाचही घटकांचा चालण्याचा वेग भिन्न होता. दिवसाच्या नियमित मजलीत हे अंतर भरून काढता येई. तातडीच्या रात्रकूचीत ते वाढतच जाई.

येथे आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. अफगाण, बुंदेले, घोरी, राय मकरंदासारखे हिंदू अधिकारी आणि भीमसेनासारखे कायस्थ कारकून असे नानाविध लोक या एकाच सैन्यात होते. त्यांना एकत्र बांधणारा धागा सेवा आणि वेतनाचा होता. ही लढाई धर्माधर्मांतील संघर्ष म्हणून मांडणाऱ्यांनी ही घटकरचना विचारात घेतली पाहिजे.

६. मराठा सैन्याची रचना

सभासदाच्या मते शिवकालीन घोडदळाचे दोन भाग होते. सरकारी घोडा व सरकारी वेतन असलेला तो बारगीर. त्याचे दल म्हणजे पागा. स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन सेवेत येणारा तो शिलेदार. शिलेदारांवर पागेचा अंमल ठेवण्याची दक्षता घेतलेली होती. पागेची रचना पुढीलप्रमाणे होती : पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे.

या रचनेचा हिशोब केला असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. जुमल्यात १२५ बारगीर येतात, म्हणून ‘हजारी’च्या हाताखाली प्रत्यक्षात १,२५० बारगीर भरतात. मोगल व्यवस्थेत पदनामातील अंक प्रत्यक्ष संख्येपेक्षा मोठा असे, तर येथे तो प्रत्यक्ष संख्येहून लहान आहे. दहा हजार स्वारांचे दल संपूर्णतः पागेचे आहे असे उदाहरणादाखल मानले, तर त्यात आठ हजारी, ऐंशी जुमले आणि चारशे हवालदार येतील. त्यांच्याबरोबर चारशे नालबंद व चारशे पखालजीही असतील. डोंगराळ व खडकाळ वाटेने सुरतेहून बारा दिवसांत दिंडोरीपर्यंत आलेल्या घोड्यांसाठी नालबंद ही किती आवश्यक व्यक्ती होती, हे निराळे सांगावयास नको. पाण्याची आणि नालांची तरतूद तुकडीच्या पोटातच असल्यामुळे प्रत्येक तुकडी स्वतंत्रपणे हालचाल करू शकत असे.

घोडा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्नही दुर्लक्षणीय नाही. घोडा हेच ज्या स्वाराचे भांडवल आहे, तो आपल्या घोड्याला जपत लढतो. पागेतील बारगीराचा घोडा सरकारचा असे. तो पडला तर बारगीराची उपजीविका बुडत नसे. त्याचप्रमाणे लुटीतील द्रव्य सरकारात जमा करण्याचा दंडक होता. यामुळे हाती आलेली संपत्ती सांभाळण्यासाठी स्वाराने रणातून काढता पाय घेण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले होते. सुरतेची लूट घेऊन निघालेले सैन्य आज्ञा होताच मागे वळून उभे राहते, याचा उलगडा या व्यवस्थेतून होतो.

पायदळाची घडण अशीच पायरीबद्ध होती. नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सात हजाऱ्यांवर सरनोबत अशी ती रचना सभासदाने दिली आहे.

दिंडोरीच्या लढाईत या सैन्याची विभागणी कार्यानुसार केलेली दिसते. मालमत्ता, लुटीची घोडी आणि पायदळ पुढे रवाना करून महाराज दहा हजार सड्या स्वारांनिशी मागे उभे राहिले, असे सभासद सांगतो. ‘सडे’ हा शब्द येथे कळीचा आहे. ओझे, कबिला आणि बाजारबुणगे यांपासून मुक्त असा तो स्वार. या दलाच्या नेतृत्वात सरनोबत प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो आणि मकाजी आनंदराव ही नावे येतात. तोफखाना या दलाबरोबर असल्याचा उल्लेख नाही. हे त्याचे बलस्थान होते, तसेच ती त्याची मर्यादाही होती.

७. रणभूमीवरील प्रत्यक्ष बळ

दाऊदखान रात्री नऊच्या सुमारास चांदवडला पोहोचला. मागे राहिलेल्या लोकांची वाट पाहत असता मध्यरात्री हेरांनी बातमी आणली, की शिवाजी महाराज घाट उतरून निम्म्या सैन्यासह नाशिकच्या वाटेने वेगाने निघाले आहेत आणि उरलेले निम्मे सैन्य मागे पडलेल्यांना सामावून घेण्यासाठी घाट रोखून आहे. दाऊदखानाने तत्काळ कूच केले. पहाटेपूर्वी सुमारे तीन तास चंद्र मावळला (त्यावरून ती शुक्ल पक्षातील रात्र असावी हे उघड आहे) आणि अंधारात मोगल तुकड्यांची पांगापांग झाली. मागील परिच्छेदांत उल्लेखिलेला वेगातील फरक येथे उघडा पडला.

सकाळी इखलासखान एका टेकाडावर पोहोचला, तेव्हा खालच्या मैदानात मराठा सैन्य लढाईच्या तयारीत उभे होते. त्याचे लोक उंटांवरून आलेली चिलखते चढवीत असतानाच त्याने मोजक्या स्वारांनिशी चाल केली. तो लवकरच जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. थोड्या वेळाने आलेल्या दाऊदखानाने राय मकरंद व इतर अधिकाऱ्यांना बिनीच्या मदतीस धाडले आणि हत्ती, निशाणे व नगारे नाल्यांनी वेढलेल्या उजाड गावापाशी उभे करून पिछाडीला तेथेच थांबण्याची आज्ञा दिली. मराठे दख्खनी बर्गींच्या रीतीने मोगलांभोवती घिरट्या घालीत लढत राहिले. संग्रामखान घोरी व त्याचे आप्त जखमी झाले. अशा वेळी मराठ्यांना दूर ठेवण्याचे कार्य बुंदेल्यांच्या बंदुकांनी केले आणि त्या आश्रयाने दाऊदखानाने तोफांचा मारा करीत इखलासखानाची सुटका केली.

दुसरीकडे, मुख्य सैन्यापासून जमिनीच्या उंचसखलपणामुळे तुटलेल्या मीर अब्दुल माबूदच्या तुकडीवर मराठ्यांनी हल्ला केला. तो व त्याचा एक पुत्र जखमी झाले, दुसरा पुत्र आणि पुष्कळ सैनिक ठार झाले. निशाणे व घोडे मराठ्यांनी नेले. तोफखान्याच्या दरोग्याची तुकडी एकाकी सापडणे ही मोगल रचनेतील सर्वांत मोठी चूक ठरली.

दुपारी लढाई थंडावली, तेव्हा दाऊदखानाजवळ दोन हजारांहून कमी माणसे होती, तर समोर त्याच्या पाचपट सैन्य होते. सायंकाळी मराठ्यांनी पुन्हा चाल केली. ती मोगलांनी परतविली. रात्री मोगलांनी छावणीभोवती खंदक खणून मृतांचे दफन व जखमींची शुश्रूषा केली. मराठे कोकणच्या दिशेने निघून गेले. त्यांना कोणी अडविले नाही.

८. आकड्यांची संगती

साधनांतील आकडे प्रथमदर्शनी परस्परांशी जुळत नाहीत. सुरतेवर आलेले मराठा सैन्य १५,००० होते, असे सामान्यतः मानले जाते. त्यात घोडदळ व पायदळ दोन्ही होते. हेरांच्या बातमीप्रमाणे त्यातील निम्मे घाटात होते, म्हणजे ७,५००. भीमसेन व सभासद मात्र दोघेही लढणाऱ्या मराठ्यांची संख्या दहा हजार देतात. दोन विरुद्ध पक्षांच्या लेखकांत एवढे मतैक्य असताना तो आकडा सहजी टाकून देता येत नाही.

या ठिकाणी सभासदाचे विधान उपयोगी पडते. पायदळ पुढे गेले आणि घोडदळ मागे राहिले, अशी विभागणी गृहीत धरली तर १०,००० घोडदळ व ५,००० पायदळ मिळून १५,००० हा आकडा जुळून येतो. हेरांचे ‘निम्मे’ हे गणिती निम्मे नसून, एका सैन्याचे दोन भाग झाले आहेत एवढाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल. हा निष्कर्ष अनुमानाचा आहे. तथापि उपलब्ध तिन्ही विधानांना त्यात बाधा येत नाही.

मोगलांच्या हानीबाबत हेच तारतम्य बाळगले पाहिजे. तीन हजार मोगल मारले गेले आणि तीन-चार हजार घोडे पाडाव झाले, असे सभासद लिहितो. दुपारी दाऊदखानाजवळ दोन हजारही माणसे नव्हती, या भीमसेनाच्या साक्षीशी ते विसंगत वाटते. मात्र भीमसेनाचा आकडा एकूण सैन्याचा नाही. तो एका स्थळी, एका वेळी सेनापतीभोवती असलेल्या लोकांचा आहे. बिनीतील जखमी, माबूदची तुटलेली तुकडी आणि मागून येणारी पिछाडी त्यात धरलेली नाही. तरीही तीन हजार मृतांचा आकडा जसाच्या तसा स्वीकारण्यास आधार अपुरा आहे. मोगलांची हानी मोठी होती आणि ते पाठलाग करण्याच्या स्थितीत उरले नव्हते, एवढे विधान दोन्ही साधनांच्या आधारे निःशंकपणे करता येते.

९. परिणाम

लढाईच्या दुसऱ्या दिवशी दाऊदखान उरलेल्या सैन्यासह नाशिकला आला आणि सुमारे महिनाभर तेथेच थांबला. या अवधीत मोगलांची हालचाल जवळजवळ कुंठित झाली. वर्ष संपण्यापूर्वी मराठ्यांनी वऱ्हाडातील कारंजा लुटले आणि जानेवारी १६७१ मध्ये बागलाणातील साल्हेरचा किल्ला घेतला.

याच साल्हेरपाशी १६७२ च्या आरंभी जी लढाई झाली, तिच्याशी तुलना केल्यास दिंडोरीच्या सैन्यरचनेचे वैशिष्ट्य अधिक ठळक होते. साल्हेरला प्रतापराव गुजरांचे घोडदळ आणि मोरोपंत पिंगळ्यांचे पायदळ या दोहोंचा एकत्र उपयोग करण्यात आला. परिणामी वेढा घालून बसलेल्या मोगल सैन्याचा निर्णायक पराभव झाला. राव अमरसिंह चंदावत ठार झाला आणि दिंडोरीला जखमी होऊन वाचलेला इखलासखान मियाना कैद झाला. दिंडोरीला पायदळ लुटीच्या रक्षणात गुंतलेले होते. केवळ सड्या स्वारांना बंदूकधारी पायदळाची फळी फोडणे कठीण गेले. तथापि तेथे शत्रूचा संपूर्ण संहार हे उद्दिष्टच नव्हते. ६६ लाखांचे द्रव्य सुखरूप घाटापार जाईपर्यंत शत्रूला रोखून धरणे, हे त्या दलाचे काम होते आणि ते त्याने चोख पार पाडले.

१०. निष्कर्ष

१) दिंडोरीचे मोगल सैन्य भिन्न वेगांच्या घटकांचे होते. रात्रकूचीमुळे ते तुकड्यातुकड्यांनी रणभूमीवर आले आणि त्याचे एकत्रित बळ लढाईत कधीच उतरू शकले नाही.
२) मराठा सैन्याने आपल्या घटकांची विभागणी आधीच कार्यानुसार केलेली होती. मंद घटक पुढे गेल्यामुळे मागे राहिलेले दल एकाच वेगाचे होते.
३) मोगल सैन्याचा बचाव प्रामुख्याने बुंदेले बंदूकधारी व तोफा यांनी केला. घोडदळाच्या लढाईतही अग्निशस्त्रधारी पायदळाचे महत्त्व येथे दिसून येते.
४) मनसबीचे अंक, बखरीतील हानीचे आकडे आणि हेरांचे अंदाज हे तिन्ही वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत. त्यांची एकत्र बेरीज करणे अशास्त्रीय होय.

११. समारोप

शत्रूची संख्या जितकी फुगवावी तितका विजय मोठा, असा एक समज लोकप्रिय इतिहासलेखनात रूढ आहे. दिंडोरीच्या बाबतीत हा समज उलट हानिकारक ठरतो. ज्या क्षणी दहा हजार स्वारांसमोर दोन हजारांहूनही कमी माणसे उभी होती, तो क्षण आपोआप आलेला नव्हता. द्रव्य, पायदळ आणि सडे स्वार यांची वेळीच केलेली विभागणी, घाटाच्या तोंडाची निवड आणि शत्रूच्या रात्रकूचीचा घेतलेला लाभ यांतून तो घडविण्यात आला होता. मोगलांचा आकडा फुगविला की हे सारे नियोजन दृष्टीआड होते आणि उरतो तो केवळ पराक्रमाचा गजर.

महाविद्यालयीन अध्यापनात ही लढाई विशेष उपयुक्त ठरू शकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन विरोधी साधनांची तुलना, भूगोलाच्या विद्यार्थ्याला घाट व नाले यांचा हालचालीवरील परिणाम आणि वाणिज्य वा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकड्यांच्या विश्वसनीयतेची चिकित्सा यातून शिकविता येईल. रणभूमी नाशिकपासून फार दूर नाही. कांचना ते दिंडोरी या पट्ट्याचे भूरचनेच्या अंगाने पद्धतशीर सर्वेक्षण झाल्यास टेकाड, उजाड गाव आणि तुटलेला तोफखाना यांच्या जागांविषयी अधिक नेमके बोलता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विविध विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे हे कार्य आहे.